एकलव्याची गोष्ट सात वर्षांच्या मुलाला सांगावी का? सांगायची तर कशी?

कोथरूडची_आई:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण वाचा प्लीज, खरंच अडकलेय.

मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. आम्ही दोघं नोकरीवाले, सासूबाई आमच्याकडेच असतात आणि रात्रीची गोष्ट हे काम पहिल्यापासून त्यांचंच. ध्रुव, प्रल्हाद, श्रावणबाळ, भीमाचं गर्वहरण, सगळं त्याला त्यांच्यामुळे माहितीये आणि मला त्याचं फार कौतुक आहे कारण माझ्याकडून एवढं कधीच झालं नसतं. मुलगा गेल्या वर्षीपासून तबला शिकतोय, सर अतिशय चांगले आहेत, मुलांवर कधी आवाज चढवत नाहीत. तर गुरुपौर्णिमेला क्लासमध्ये छोटा कार्यक्रम होता आणि आदल्या रात्री आईंनी त्याला एकलव्याची गोष्ट सांगितली. मातीचा पुतळा, कुत्र्याच्या तोंडातले बाण, आणि मग गुरुदक्षिणा. शेवटी म्हणाल्या, बघ, गुरूवर अशी श्रद्धा पाहिजे, मागितलं की क्षणाचा विचार न करता दिलं.

दुसऱ्या दिवशी हा म्हणे पोट दुखतंय, क्लासला जात नाही. मी समजले काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल. त्यानंतरच्या तासालाही तेच. मग एका रात्री पांघरुणात तोंड घालून हळूच विचारलं, "आई, सरांनी माझा अंगठा मागितला तर मी नाही म्हणू शकतो का?"

माझ्या पोटात धस्स झालं. कारण महिन्याभरापूर्वीच शाळेत त्यांना शिकवलंय की कोणीही मोठं माणूस, अगदी ओळखीचं, अगदी घरातलं असलं तरी त्याने नको वाटेल असं काही करायला सांगितलं तर सरळ नाही म्हणायचं आणि घरी येऊन सांगायचं. मी पण घरी दहादा तेच घोकून घेतलंय. आणि इकडे गोष्टीत सगळ्यात चांगला मुलगा कोण, तर जो नाही म्हणत नाही. त्याने कुठलं खरं मानायचं?

मी आईंना म्हणाले की ही गोष्ट नका सांगू परत. त्यांना फार लागलं ते. "मी माझ्या तिन्ही मुलांना हीच सांगितली, त्यांचं काय वाकडं झालं" असं म्हणाल्या आणि तेव्हापासून गोष्टच बंद आहे. चार रात्री झाल्या, मुलगा टॅबवर कार्टून बघत झोपतोय. हे मला मुळीच नको होतं. मुलांवर संस्कार व्हावेत ते याच गोष्टींमधून व्हावेत असं मला मनापासून वाटतं, फक्त अशा गोष्टींचं काय करायचं ते कळत नाहीये. गाळायच्या? बदलून सांगायच्या? की मोठा झाल्यावर सांगायच्या?

वारजेकर:

ताई, मुलगा घाबरला हे वाईटच झालं, त्याला जवळ घेऊन सांगा की असं काही होत नसतं. पण मला एक काळजी वाटते ती बोलतो. आपण प्रत्येक जुनी गोष्ट अशी तपासायला लागलो तर मुलांच्या हातात उरणार काय? माझ्या वडिलांनी मला एकलव्य सांगितला तेव्हा मला अंगठ्यापेक्षा तो पुतळाच जास्त लक्षात राहिला होता, की शिकवायला कोणी नसलं तरी माणूस शिकू शकतो. मी डिप्लोमा नोकरी करून पूर्ण केला, रात्री दोन दोन वाजेपर्यंत एकटा बसायचो तेव्हा तो पुतळा डोळ्यासमोर असायचा, हे मी अगदी खरं सांगतोय. आज मुलं शिक्षकांना एकेरीत हाक मारतात, क्लासमध्ये मोबाईल बघतात. गुरूबद्दल आदर शिकवायचाच नाही का मग?

सदाशिव_पेठ_आजी:

कोथरूडच्या आई, तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. मी तीस वर्षं शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवलं, आता नातवंडांना गोष्टी सांगते. तुझ्या सासूबाईंची बाजू आधी घेते. गुरुपौर्णिमा म्हणजेच व्यासपौर्णिमा, त्या दिवशी महाभारतातली गोष्ट सांगावीशी वाटणं हे अगदी स्वाभाविक आहे, त्यांचं त्यात काही चुकलं नाही. चुकलं ते शेवटचं वाक्य, आणि ते वाक्य त्यांचं नाहीये, आपण सगळेच लहानपणापासून ते ऐकत आलोय.

व्यासांनी ते वाक्य लिहिलेलंच नाही. आदिपर्वात ही कथा आहे ती अशी की निषादराज हिरण्यधनूचा हा मुलगा द्रोणांकडे शिकायला आला, आणि तो निषाद आहे हा विचार करून द्रोणांनी त्याला शिष्य म्हणून घेतलं नाही. त्याने रानात पुतळा करून स्वतःच अभ्यास केला. पुढे भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात त्याने एकदम सात बाण मारले, ते पांडवांनी पाहिलं आणि अर्जुन अस्वस्थ झाला. एकांतात द्रोणांना म्हणाला, माझ्यापेक्षा वरचढ शिष्य तुमचा कुणी होणार नाही असं तुम्ही मला म्हणाला होतात, मग हा कोण? त्यानंतर अंगठा मागितला गेला. म्हणजे दक्षिणा ही मुळात श्रद्धेची परीक्षा नव्हतीच, अर्जुनाला दिलेला शब्द राखायची ती सोय होती. आणि अंगठा मागणाऱ्या त्या बोलण्याला महाभारतात विशेषण कोणतं लावलंय माहितीये? दारुण. एकलव्याने द्रोणांचं ते दारुण बोलणं ऐकलं, असं व्यास म्हणतात. पुढे द्रोणपर्वात तर स्वतः कृष्ण अर्जुनाला सांगतो की तुझ्या भल्यासाठी द्रोणांनी आचार्यपण पुढे करून कपटाने त्याचा अंगठा घेतला.

मी जेव्हा हे पहिल्यांदा मुळातून वाचलं तेव्हा पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसती बसून होते. इतकी वर्षं मी वर्गात काय सांगत होते! एकलव्याचं मन मोठं होतं, त्याने चेहरा पडू न देता अंगठा दिला असंच व्यासांनी लिहिलंय, आणि त्याचं मोठेपण मुलांपर्यंत पोचलंच पाहिजे. पण मागणाऱ्याने जे केलं ते बरोबर होतं असं महाभारत म्हणत नाही. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि सात वर्षांच्या मुलाला त्या कळतात. वर्गात एखाद्याने आपला डबा दुसऱ्याला दिला तर देणारा चांगला, पण हिसकावून मागणारा चांगला नाही, हे पोरांना आपल्यापेक्षा लवकर समजतं.

वारजेकर, तुम्ही पुतळ्याचं जे लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. तो भाग आहेच की, तो कोण काढून घेतंय. उलट मुलाला तोच आधी सांगा.

गोष्टी सांगता सांगता त्यात काय काय मिसळतं याचं आणखी एक उदाहरण देते. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदी "आंधळ्याचा मुलगा आंधळा" म्हणाली आणि त्यामुळे महाभारत झालं, हे घराघरात सांगतात. आपल्या पुण्यातच भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ एवढी वर्षं शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, त्यात हे वाक्य कुठेही नाही. आपण मात्र पोरीबाळींना सांगत राहतो की बाईने जीभ आवरली नाही म्हणून युद्ध झालं. तेव्हा गोष्ट सांगायच्या आधी मोठ्यांनी एकदा नीट वाचावी, एवढंच माझं म्हणणं.

हडपसरचा_बाबा:

आजींनी लिहिलं त्याबद्दल मनापासून आभार. मला यात थोडं वेगळं सांगायचंय, कुणाला दुखवायला नाही.

आमच्या घरात एकलव्याची गोष्ट गुरुपौर्णिमेला कधीच कुणी सांगितली नाही. आजोबा सांगायचे ती वेगळ्याच वेळी, आम्ही शाळेत जायचा कंटाळा केला की. ते म्हणायचे त्या पोराला फक्त जन्मावरून परत पाठवलं होतं, तुला तर शाळेत नाव घालून बाकावर बसायला मिळतंय, ऊठ. आजोबा स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. त्यामुळे आमच्यासाठी गोष्टीची सुरुवात अंगठ्यापासून होतच नाही, ती "तू इथे शिकायचं नाहीस" इथून होते. बहुतेक घरात हा भाग अर्ध्या वाक्यात उरकतात, आणि पोराला आश्चर्य वाटतं ते नेमकं तिथेच.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला मी सगळी गोष्ट सांगितली तर तिने एकच प्रश्न विचारला, "पप्पा, त्यांनी शिकवलंच नव्हतं तर फी कसली मागितली?" मला उत्तर देता आलं नाही आणि मी दिलंही नाही. आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो. मला वाटतं तो प्रश्न तिच्याकडे राहू दे.

आणि वारजेकर दादा, गुरूबद्दल आदर शिकवायचाच, शंभर टक्के. म्हणूनच मी एकलव्याच्या पाठोपाठ दुसऱ्या दिवशी सावित्रीबाईंची गोष्ट सांगितली. रविवारी तिला बुधवार पेठेत घेऊन गेलो, दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडे वाड्याची जागा आहे तिथे. जुना वाडा २०२३ मध्ये पाडला, आता स्मारकासाठी ती जागा आहे, त्यामुळे दाखवायला वाडा नाही, पण तिथे उभं राहून सांगितलं की १८४८ मध्ये जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथे काढली, शिकवायला जाताना लोक अंगावर शेण टाकायचे म्हणून त्या जास्तीचं लुगडं बरोबर ठेवायच्या, तिथे जाऊन बदलायच्या आणि शिकवायच्या. मुलगी म्हणाली रोज? मी म्हणलं रोज. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये एका आजारी पोराला पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात आणलं आणि त्यातच त्यांना प्लेग होऊन १० मार्चला त्या गेल्या, हे आमच्या हडपसरकडचंच आहे, त्यामुळे तिला ते फारच जवळचं वाटलं. एक गुरू ज्याने दारातून परत पाठवलं आणि एक गुरू जी शेण अंगावर घेऊन शिकवायला गेली. आदर कुणाचा करायचा ते तिला मी सांगायची वेळच आली नाही.

सिंहगड_रोड:

आमच्या सोसायटीत मी दर शनिवारी मुलांना गोष्टी सांगते, आठ-दहा पोरं असतात, पाच ते दहा वयाची. त्या अनुभवावरून लिहिते.

एक म्हणजे पंचतंत्राला सगळे बोधकथा समजतात आणि लहानांना तेच पहिलं देतात. पण ते नीतिशास्त्र आहे, राजकारणातलं शहाणपण. अमरशक्ती राजाची तीन मुलं अभ्यासात मठ्ठ, त्यांना सहा महिन्यांत व्यवहार शिकवतो म्हणून विष्णुशर्म्याने त्या सांगितल्या अशी त्याची सुरुवातच आहे. त्यामुळे त्यात माकड मगरीशी चक्क खोटं बोलतं की माझं काळीज झाडावर राहिलंय, आणि वाचतं. आमच्यातल्या एका पाच वर्षांच्या मुलीने लगेच विचारलं, मग खोटं बोलायचं? मी म्हणाले, जो तुझा जीव घ्यायला निघालाय त्याच्याशी? तर विचार करून म्हणाली, त्याच्याशी चालेल. मला तर वाटतं शाळेतल्या त्या "नाही म्हणा, निसटा, घरी सांगा" या धड्याला जोडून हीच गोष्ट सांगावी.

दुसरं म्हणजे, ताई, तुम्हाला वाटतंय की आपल्या गोष्टी "ऐका, मोठ्यांचं ऐका" एवढंच शिकवतात आणि शाळा उलटं शिकवते. असं नाहीये हो. तुमच्या सासूबाईंनी सांगितलेला प्रल्हादच बघा ना, त्याने वडिलांना नाही म्हटलं, आणि भागवतात तर शंड आणि अमर्क हे त्याचे गुरूही आहेत, त्यांनी शिकवलेलंही त्याने मानलं नाही, उलट मधल्या सुट्टीत वर्गातल्या मुलांना स्वतःचं म्हणणं सांगत बसला. नचिकेताने वडील दानात म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई देताना पाहिलं आणि गप्प बसला नाही. मुक्ताबाई तर सगळ्या भावंडांत धाकटी, आणि लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वर दार लावून आत बसले तेव्हा समजूत घालायला तीच उभी राहिली.

आणि आपली श्रावणी सोमवारची कहाणी! राजाने हुकूम काढला की गावातलं सगळं दूध महादेवाच्या गाभाऱ्यात आणून ओता, लोकांनी घाबरून पोरांना वासरांना न देता सगळं आणलं, तरी गाभारा भरेना. एका म्हातारीने तो हुकूम ऐकला आणि काय केलं, आधी घरातली पोरं, सुना, वासरं सगळ्यांना पोटभर पाजलं, आणि उरलं ते खुलभर दूध घेऊन गेली. गाभारा भरला. राजाने बोलावून विचारलं तेव्हा तिने तोंडावर सांगितलं की तुझ्या हुकमाने पोरं उपाशी राहिली ते देवाला आवडलं नाही. आपल्या आज्या शेकडो वर्षं हातात तांदळाचे दाणे घेऊन ही गोष्ट ऐकत आल्यात, राजाचं न ऐकणाऱ्या बाईची! मला ही गोष्ट इतकी आवडते की सांगताना दर वेळी घसा दाटतो.

म्हणून माझं मत, एकलव्य गाळू नका, पण एकटा सांगू नका. त्याच्या आगेमागे म्हातारी आणि प्रल्हाद असू द्या. आणि झोपायच्या आधी तर नकोच, ही दुपारी जेवल्यावर सांगायची गोष्ट आहे, म्हणजे प्रश्न विचारायला दिवस शिल्लक राहतो. रात्री पोरं प्रश्न गिळून झोपतात.

आणखी एक, तुम्हाला वाचायला काही हवं असेल तर बालभारतीच्या किशोर मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. लोककथा भरपूर मिळतील.

वारजेकर:

आजी, कृष्णाचं ते बोलणं मला खरंच माहीत नव्हतं. आणि हडपसरच्या दादांच्या मुलीचा प्रश्न सकाळपासून डोक्यात आहे. मी पुतळाच धरून बसलो होतो, त्याच्या आधी दारातून परत पाठवलंय याच्याकडे कधी बघितलंच नाही. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला परत सांगणार आहे, यावेळी पहिल्यापासून.

कोथरूडची_आई:

सगळ्यांचे खूप खूप आभार. काय झालं ते सांगते.

आजींनी लिहिलेलं मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. मला भीती होती की त्यांना वाटेल ही इंटरनेटवर जाऊन माझी तक्रार करून आली, पण त्या शांत ऐकत होत्या. "दारुण" शब्दाला थांबल्या, परत वाच म्हणाल्या. मग म्हणाल्या, माझ्या वडिलांनी मला सांगितली तशी मी सांगितली गं, त्यांनाही कुणी तशीच सांगितली असेल. मी पण माफी मागितली, कारण गोष्ट बंद करा म्हणताना माझा सूर चांगला नव्हता हे मला माहितीये.

रविवारी दुपारी त्यांनीच नातवाला बोलावलं आणि म्हणाल्या, त्या दिवशी मी गोष्ट अर्धीच सांगितली होती, आता सगळी सांगते. सगळी सांगितली, अर्जुनाचा मत्सरही सांगितला, जो आमच्याकडे आजपर्यंत हिरोच होता. मुलाने विचारलं, मग द्रोणांना कोणी काही बोललं का नाही? आजी म्हणाल्या, तेव्हा कोणी नाही बोललं, कृष्ण बोलला पण फार उशिरा. मग मुलगा म्हणाला, "मी असतो तर म्हणलो असतो सर दुसरं काहीतरी मागा." आईंनी त्याला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, तू म्हण, आणि कोणी असलं काही मागितलं तर आधी मला येऊन सांग, मी आहे ना.

मला आत स्वयंपाकघरात ऐकू येत होतं, मी बाहेर गेलेच नाही.

तबल्याच्या सरांना पण मी सगळं सांगितलं. ते काही क्षण गप्पच झाले, मग पुढच्या तासाला त्यांनी सगळ्या मुलांना विचारलं गुरुदक्षिणेत काय द्याल, आणि म्हणाले मला फक्त स्वच्छ तिरकिट पाहिजे, घाई न करता वाजवलेलं. मुलगा घरी आल्यापासून जेवणाच्या टेबलावर तेच बडवतोय, दोन्ही अंगठे शाबूत आहेत असं मला दाखवून गेला.

भिडे वाड्याच्या जागी आम्ही पुढच्या शनिवारी जाणार आहोत, आईंना पण यायचंय. आणि आज रात्री मुक्ताबाई आहे. आईंना ताटीचे अभंग पाठ आहेत पण मुलाला ताटी म्हणजे काय इथपासून सांगावं लागणार. सोप्या भाषेत कसं सांगू? आजी, तुम्ही आहात का ऑनलाइन?

सदाशिव_पेठ_आजी:

आहे गं. ताटी म्हणजे झोपडीचं दार, काटक्या-कामट्यांचं विणलेलं. त्याला आधी विचार की तू रुसलास की कुठे जाऊन बसतोस, मग सांग की ज्ञानेश्वर पण रुसले होते. लोक त्यांना संन्याशाची मुलं म्हणून फार घालूनपाडून बोलायचे, ते किती लहान होते तेव्हा हे पण सांग. मग धाकटी बहीण दाराशी येऊन म्हणते, दादा, जग रागाने पेटलं तरी आपण पाणी व्हायचं, दार उघड. एवढंच सांग आणि पुढचे अभंग सासूबाईंना म्हणू दे, चालीवर. अर्थ सगळा कळला नाही तरी चालेल, चाल कानात बसू दे.

पुढच्या वर्षी आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतील तेव्हा त्याला भवानी पेठेत पालखी विठोबाला घेऊन जा, माउलींची पालखी तिथे असते. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. दर्शनाची रांग खूप मोठी असते, पाण्याची बाटली आणि टोपी घ्या.